साडेपाच तासांचे देशांतर

ज्या संगणकावर लिनक्स आणि विंडोज या दोन्ही प्रणाली एकत्र नांदतात, त्याच्या घड्याळात एक चमत्कारिक दोष वारंवार आढळतो. विंडोजमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असावेत, संगणक बंद करून लिनक्स सुरू करावे, तो पडद्यावर दुपारचे साडेचार! कचेरीत आल्याआल्या घरी जाण्याची वेळ व्हावी, तसा हा प्रकार. उलटही घडते. लिनक्सने जाळ्यावरून वेळ दुरुस्त करून घेतली की पुढच्या खेपेस विंडोज अकराच्या सुमारास पहाटेचे साडेपाच दाखवू लागते. घड्याळ बिघडले असे म्हणावे, तर बिघडलेले घड्याळ रोज चार-दोन सेकंद मागे पडेल किंवा पुढे धावेल; ते नेमके साडेपाच तासांनीच चुकणार नाही. या साडेपाच तासांना एक कुळकथा आहे. ती जाणून घेतली म्हणजे दोषाचे निवारण कसे करावे हे तर कळतेच, परंतु आपल्या जुन्या कागदपत्रांतील वेळा वाचण्याची दृष्टीही लाभते.

या कथेचा प्रारंभ आपल्याला वाटतो त्याहून फार मागे आहे. आपल्या ज्योतिर्गणिताने लंकेपासून उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणारी एक मध्यरेषा मानली होती. ग्रहांचे गणित प्रथम या रेषेवरच्या वेळेने करावयाचे, आणि मग आपले गाव तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस जितके दूर असेल तितका संस्कार त्यात द्यावयाचा, अशी पद्धत होती. या संस्काराला 'देशांतर' असे नाव आहे. गणित सर्वांचे एक, मात्र सूर्योदय ज्याच्या त्याच्या गावचा! मूळ गणितात गावोगावी फेरफार करण्याचा अव्यापारेषु व्यापार आपल्या ज्योतिषांनी केला नाही. हा विवेक पुढे आगगाड्यांच्या काळात सुटला आणि संगणकाच्या काळात महत्प्रयासाने पुन्हा हाती आला.

एकोणिसाव्या शतकात आगगाडी व तारायंत्र आले, आणि गावोगावच्या वेळांतील जो फरक आजवर कोणाला जाणवतही नव्हता तो एकाएकी जाचक झाला. ग्रिनिचच्या तुलनेने मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची सुमारे ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे पुढे होती. मुंबईत बारा वाजत तेव्हा कलकत्त्यास एक वाजून दोन मिनिटे झालेली असत. मद्रासला वेधशाळा होती, तेथून तारेने वेळ कळविण्याची सोय होती, आणि मद्रासची वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्यावर पडत होती. या कारणांनी रेल्वेने मद्रास वेळ पत्करली. प्रवाशाने घरचे घड्याळ एका वेळेवर ठेवावे आणि गाडी मात्र दुसऱ्या वेळेवर गाठावी, असा द्वैताचा संसार सुरू झाला.

हे द्वैत मोडण्याचा पहिला प्रयत्न मुंबईत १८८१ साली झाला. पुण्याच्या महाविद्यालयामुळे ज्यांचे नाव आपल्या परिचयाचे आहे ते सर जेम्स फर्ग्युसन त्या वेळी गव्हर्नर होते. त्यांच्या सरकारने मुंबईत मद्रास वेळ लागू केली. अर्ध्या तासाचाच काय तो प्रश्न. परंतु शहराला तो मानवला नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. अलाहाबाद-मिर्झापूरच्या बाजूने जाणारे साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त आधाराला घेऊन ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. आजचे आपले साडेपाच तास ते हेच.

या आकड्यासाठी कलकत्त्याला सुमारे २३ मिनिटे मागे सरावे लागणार होते, तर मुंबईला ३९ मिनिटे पुढे. काळही मोठा नाजूक होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात येऊन अडीच महिनेच झाले होते. सरकारच्या प्रत्येक हुकमाकडे लोक संशयाने पाहत होते. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे जीवन चालत असे त्या कामगाराला ३९ मिनिटांचा अर्थ एवढाच होता, की उद्यापासून अंधारात अधिक लवकर उठावयाचे. मुंबईत या वेळेला तीव्र विरोध झाला. महापालिकेने पुढे कित्येक वर्षे 'मुंबई वेळ' पाळली. एकाच शहरात स्टेशनावरचे घड्याळ एक वेळ सांगे आणि मंडईवरचे दुसरी. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ साली सोडली. मुंबईची वेळ पूर्णपणे लोपण्यास १९५० चे दशक उजाडावे लागले. आसामातील चहाच्या मळ्यांत तर तासभर पुढे असलेला 'बागान टाइम' आजही पाळला जातो, हे त्या बाजूस नेमणुकीवर राहिलेल्या वाचकांना सांगावयास नकोच.

आता संगणकाकडे वळू. संगणकात घड्याळे दोन असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. एक मुख्य फलकावर बसविलेले, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे. संगणक बंद असतानाही ते टिकटिकत असते. दुसरे म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील मोजणी. संगणक सुरू होताना लिनक्स बॅटरीच्या घड्याळाकडे एकदा पाहून घेते आणि तेथून पुढे स्वतःच सेकंद मोजीत राहते. कचेरीत शिरताना भिंतीवरील घड्याळाशी आपले मनगटी घड्याळ एकदा जुळवून घ्यावे, तसा हा प्रकार.

कलह आहे तो या भिंतीवरच्या घड्याळाविषयी. १९८१ साली निघालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात बॅटरीचे घड्याळ नव्हते. सुरू करताच तो मालकाला तारीख व वेळ विचारी. १९८४ च्या सुधारित संगणकात ते घड्याळ आले. त्या काळच्या डॉस प्रणालीला ग्रिनिच, रेखावृत्त वगैरे गोष्टींची गंधवार्ताही नव्हती. टेबलावरचे यंत्र, टेबलावरची वेळ! तोच वारसा विंडोजकडे आला, आणि बॅटरीच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवण्याचा रिवाज पडला. युनिक्सचे घराणे मात्र निराळे. एकाच यंत्रावर अनेकांनी दुरून काम करावे, ही त्याची धाटणी. म्हणून त्याने १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद तेवढे मोजले आणि गावची वेळ दाखविण्याचे काम पडद्यापुरते ठेवले. १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सने हाच कुळाचार उचलला. विंडोजने घड्याळात अकरा लिहून ठेवले, लिनक्सने ते ग्रिनिचचे अकरा समजून त्यात साडेपाच मिळविले, झाले साडेचार! दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. एकाने देशांतर आधीच दिलेले असते, दुसरा ते पुन्हा देतो, एवढेच.

सबब उपचाराआधी निदान करावे. लिनक्सच्या टर्मिनलवर 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली असता स्थानिक वेळ, सार्वत्रिक वेळ, बॅटरीच्या घड्याळाची वेळ आणि कालक्षेत्र ही चारही एकाखाली एक दिसतात. सार्वत्रिक वेळ बरोबर आणि स्थानिक वेळ तेवढी चूक असेल, तर कालक्षेत्र चुकले आहे. तेथे 'एशिया/कोलकाता' निवडावे. दोन्ही वेळा नेमक्या साडेपाच तासांनी पुढे असतील, तर बॅटरीच्या घड्याळात स्थानिक वेळ भरलेली आहे. अशा वेळी जाळ्यावरून वेळ घेण्याची सोय चालू करावी, बॅटरीचे घड्याळ सार्वत्रिक वेळेवर ठेवण्याची आज्ञा लिनक्सला द्यावी, आणि विंडोजच्या नोंदवहीतही तशी नोंद करावी. म्हणजे दोघांचे एकमत होते. स्थानिक वेळच ठेवण्यास लिनक्सला सांगता येते, पण ही त्याला नाइलाजाने मान्य असलेली रीत आहे. प्रत्येक वेळी संगणक सुरू करताना घड्याळ फार जुनी तारीख दाखवीत असेल, तर मात्र प्रणालीला बोल न लावता बॅटरी बदलावी. भारतात ज्या फायलीवर १ जानेवारी १९७० रोजी पहाटे साडेपाचची नोंद दिसते, तिचा काळच यंत्राला ठाऊक नाही असे समजावे. तो ग्रिनिचचा शून्य सेकंद आपल्याकडचे देशांतर घेऊन उभा असतो.

जाळ्यावरून वेळ घेण्याची जी रीत आहे, तिचे जनक अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स. १९८५ साली त्यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. २०२४ साली ते निवर्तले. आपला संगणक दूरच्या घड्याळाला वेळ विचारतो आणि उत्तर येण्यास लागलेला विलंब हिशेबात धरून स्वतःची चूक काढतो. आपल्याकडे प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने करते. एप्रिल २०२२ च्या एका निर्देशाने सरकारी व खासगी संस्थांच्या संगणकांनी आपली घड्याळे त्या प्रयोगशाळेच्या अथवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या घड्याळांशी जोडावी असे ठरले आहे. कोणता व्यवहार आधी झाला व कोणता नंतर, हे पुढे चौकशीत ठरवावयाचे तर सर्वांच्या नोंदी एका घड्याळाच्या असावयास हव्यात.

या रीतीतील एक बारकावा मला विशेष मननीय वाटतो. चूक मोठी असेल तर घड्याळ एकदम उडी मारून जागेवर आणता येते. परंतु लहान चूक असेल तर प्रणाली उडी टाळते. मागे उडी मारली तर एकच क्षण दोनदा येतो, नंतरची नोंद आधीची ठरते. पुढे मारली तर मधल्या वेळी होणारी कामे राहून जातात. म्हणून ती प्रत्येक सेकंद किंचित लांबविते वा आखडते. मिल्स यांच्या रीतीत या ओढीची मर्यादा सेकंदामागे अर्धा सहस्रांश, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ४३ सेकंद, एवढी आहे. मुंबईची ३९ मिनिटे याच गतीने मिटविली असती, तर ५४ दिवस लागले असते. गिरणी-कामगाराला रोज पाऊण मिनिट लवकर उठावे लागले असते. तेवढ्याने तंटा मिटला असता असे मी म्हणणार नाही. तंट्याचे मूळ मिनिटांपेक्षा ती कोणी ठरवावी यात होते. तथापि यंत्राला जो धीर शिकविला गेला, तो माणसांच्या बाबतीत सरकारला सुचला नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

कालक्षेत्रांची जी यादी लिनक्समध्ये असते, ती हा सारा इतिहास पोटात घेऊन बसली आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात हा संग्रह सुरू केला. 'एशिया/कोलकाता' या नावाखाली जुनी कलकत्ता वेळ, त्यानंतरची मद्रास वेळ, १९०६ ची प्रमाणवेळ आणि महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तासभर पुढे केलेली घड्याळे, या सर्वांच्या नोंदी तीत आहेत. मुंबईच्या नावाने मात्र निराळे क्षेत्र नाही. १९७० नंतर ज्यांची वेळ एक, त्यांचे क्षेत्र एक, असा त्या संग्रहाचा नियम आहे. आणि मुंबई वेळ तर त्यापूर्वीच संपली होती.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. १९२० साली मुंबईत जन्मलेल्या एखाद्या आजोबांची वेळ वहीत 'सकाळी सात' अशी टिपलेली असते. ते सात कोणते? मुंबई वेळेचे असतील, तर प्रमाणवेळेने सात वाजून ३९ मिनिटे झाली होती. संगणकावर पत्रिका मांडणारा 'एशिया/कोलकाता' गृहीत धरतो आणि लग्न सरासरी दहा अंशांनी चुकते; तीनांपैकी एका पत्रिकेत लग्नराशीच बदलावी, एवढी ही चूक आहे. १९४३ सालचा जन्म असेल, तर युद्धकाळाचा तास वजा केला आहे की नाही, हेही पाहावे लागते. ज्यांचा फलज्योतिषावर विश्वास नाही त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. कारण हीच अडचण त्या काळच्या मुंबईतील रोजनिशीत, दवाखान्याच्या टिपणात आणि साक्षीदाराच्या जबानीत आहे. आजच्या यंत्राचे घड्याळ तीन आज्ञांत दुरुस्त होते, परंतु ज्या नोंदीने आपले देशांतर सांगितले नाही, तिला मागाहून कोणतीही आज्ञा दुरुस्त करू शकत नाही. चुकलेल्या घड्याळाखाली तयार झालेल्या फायलींवरील तारखाही घड्याळ जुळविल्याने आपोआप सुधारत नाहीत.

म्हणून यातून घेण्याजोगा धडा साधा आहे. वेळ लिहिताना ती कोठल्या घड्याळाची, हे सोबत लिहावे. प्रमाणवेळ असेल तर तसे म्हणावे, सार्वत्रिक असेल तर तसे. घरच्या जुन्या वहीत मुंबईची एखादी वेळ सापडली आणि त्या वेळी हयात असलेले, सांगू शकणारे कोणी वडीलधारे माणूस अद्याप असेल, तर 'स्टेशनाची की मंडईची?' एवढे विचारून उत्तर समासात टिपून ठेवावे. शंभर वर्षांनी ते पान उघडणाऱ्याला तेवढी एक ओळ पुरेशी होईल.