गुप्तता, निर्यात आणि पेटंटचा मसुदा : अमेरिकेच्या २००८ च्या सूचनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

पेटंट हा शोधक आणि राज्यसंस्था यांच्यातील एक प्रकारचा करार मानला जातो. शोध जाहीर करावा आणि त्याबदल्यात ठराविक काळासाठी मक्तेदारी मिळवावी, हे त्याचे मूळ तत्त्व होय. तथापि, शोध जाहीर होण्यापूर्वी त्यावर राज्यसंस्थेचे नियंत्रण किती असावे, हा प्रश्न विसाव्या शतकातील युद्धांनी पुढे आणला. अमेरिकी पेटंट अर्जांचे मसुदे भारतासारख्या देशांत तयार होऊ लागल्यावर त्याला नवे वळण लागले. प्रस्तुत लेखात या वळणाचा विचार केला आहे.

दोन कायदे, दोन हेतू

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकेने शोध गुप्त ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्रथम निर्माण केला. १९४० मध्ये तो पुन्हा देण्यात आला आणि १९५१ च्या शोध गुप्तता कायद्याने त्यास कायम स्वरूप मिळाले. अमेरिकेत लागलेल्या शोधाचा अर्ज तेथे दाखल केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात दाखल करावयाचा असल्यास पेटंट कार्यालयाचा परवाना आवश्यक ठरला.

निर्यात नियंत्रणाचा उगम मात्र शीतयुद्धातील व्यापारनीतीत आहे. १९४९ च्या निर्यात नियंत्रण कायद्याने वस्तूंबरोबर तांत्रिक माहितीही नियंत्रणाखाली आणली. पुढे तर अमेरिकेतच एखाद्या परकीय नागरिकास नियंत्रित तंत्रज्ञान उघड करणे ही ‘मानीव निर्यात’ ठरली. या नियमांची अंमलबजावणी प्रामुख्याने वाणिज्य खात्याकडे, तर युद्धसामग्रीपुरती परराष्ट्र खात्याकडे आहे.

मसुद्याचा प्रश्न

मसुदा लिहिणारा वकील शोधकाच्याच देशात बसत असे, तोवर या दोन व्यवस्थांमधील अंतर सहसा जाणवत नसे. पेटंट कार्यालयाच्या परवान्यात परदेशी अर्जासाठी लागणारी माहिती पाठविण्याची मुभा अंतर्भूत होती. त्यामुळे तोच परवाना मसुदालेखनासही पुरेसा आहे, असा समज होण्यास वाव होता. २३ जुलै २००८ रोजी पेटंट कार्यालयाने सूचना काढून हा वाव संपविला. अमेरिकेत दाखल करावयाच्या अर्जाचा मसुदा परदेशात करून घेण्यासाठी माहिती पाठविणे या परवान्यात बसत नाही. त्यासाठी निर्यात नियम स्वतंत्रपणे पाळावे लागतात, असे तीत स्पष्ट करण्यात आले. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. प्रसिद्ध झालेल्या पेटंटमधील माहिती निर्यात नियमांच्या कक्षेबाहेर असते. म्हणजेच जो मजकूर पुढे जगासमोर खुला व्हावयाचा, तोच मसुद्याच्या अवस्थेत नियंत्रित असू शकतो.

भारतीय संदर्भ

माहिती कोणाकडे जाते, यालाही महत्त्व आहे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने अनेक भारतीय संस्था निर्बंधित यादीत घातल्या. इस्रोच्या व संरक्षण संशोधन संस्थेच्या घटकांना २०११ मध्ये वगळण्यात आले; तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रास त्यासाठी जानेवारी २०२५ पर्यंत थांबावे लागले. दुसऱ्या बाजूने, भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३९ भारतात राहणाऱ्या शोधकासही बांधते. त्याने परदेशात अर्ज करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, अथवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. परदेशी कंपनीसाठी पुण्यात लागलेल्या शोधालाही हे बंधन चुकत नाही.

निष्कर्ष

गुप्ततेच्या कायद्याने अर्ज दाखल होण्याचा क्षण महत्त्वाचा मानला. निर्यात कायद्याने माहिती हस्तांतरित होण्याचा. मसुदालेखन या दोहोंच्या मधे पडते आणि श्रमविभागणी जागतिक होताच ती मधली जागा उघडी पडली. २००८ च्या सूचनेने नवे बंधन घातले नाही. आधीपासून असलेल्या बंधनाची जाणीव करून दिली. परिणामी, मसुद्याचा खर्च वाचविण्याचा हिशेब करण्यापूर्वी संबंधित माहिती देशाबाहेर जाऊ शकते काय, हे ठरविण्याची जबाबदारी माहिती पाठविणाऱ्यावरच येते.