कोथरूडची छोटी रेल्वे, मिरजेचे तीन गेज

आमच्या आष्ट्याला रेल्वे नाही. सांगली-इस्लामपूर रस्त्यावरच्या या गावाचा रेल्वेशी संबंध आला तो सांगली-मिरजेमार्फतच. लहानपणी वडिलांबरोबर सांगलीला गेलो की ते म्हणत, 'स्टेशन चौकात उतरायचं.' उतरल्यावर मी स्टेशन शोधत असे. चौक होता, स्टेशन नव्हते. पुण्याहून मिरजेला जाणारा जुना मीटरगेज मार्ग सांगली शहरात शिरत नव्हता. मिरजेहून एक छोटा फाटा शहरात येई. ब्रॉडगेज झाले तेव्हा मुख्य मार्गच सांगलीच्या कडेने वळवण्यात आला, नवे स्टेशन उभे राहिले आणि फाटा गेला. मागे उरले ते चौकाचे नाव.

या चौकाची आठवण मला पुण्यात, कोथरूडमध्ये झाली. नातवाला घेऊन मी तिथले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहायला गेलो होतो. भाऊ जोशी यांनी छंदापायी जमवलेल्या आणि बनवलेल्या गाड्या आधी प्रदर्शनांतून मांडल्या जात. दर वेळी सगळे सुटे करून न्यायचे आणि पुन्हा जोडायचे, हे जिकिरीचे काम. अखेर कायमची जागा झाली आणि १ एप्रिल १९९८ रोजी संग्रहालय सुरू झाले. एका दालनात अख्खे शहर मांडले आहे: स्टेशन, सिग्नल, उड्डाणपूल, डोंगर, सर्कशीचा तंबू. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत सगळे फिरत असते. मध्येच दिवे मंदावतात, रात्र होते आणि घराघरांत उजेड लागतो. नातू गाड्या पाहत होता. मी नियंत्रणाच्या फळीकडे पाहत होतो. एका गाडीला वाट द्यायची तर दुसरी थांबवावी लागते, सांधा बदलावा लागतो, सिग्नल पाडावा लागतो. चौथऱ्यावर उभे केलेले जुने इंजिन कितीही देखणे असले तरी ही गोष्ट सांगू शकत नाही. रेल्वे ही यंत्राइतकीच व्यवस्था आहे, आणि व्यवस्था चालताना पाहिल्याशिवाय कळत नाही.

घरी परतताना मनात आले, मिरज जंक्शनचा असा देखावा कुणी मांडला तर?

मिरजेची गोष्ट गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली ती साडेपाच फुटी ब्रॉडगेजवर. हे रुंद मार्ग महागात पडतात म्हणून लॉर्ड मेयोच्या काळात, १८७०च्या सुमारास, सरकारने मीटरगेजचा स्वीकार केला. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने आपल्या भागात रूळ टाकले ते या मापाचे. १८९१ साली कोल्हापूर संस्थानची रेल्वे मिरजेला येऊन मिळाली, तीही मीटरगेजच. मुंबईला निघालेली सांगलीची हळद पुण्यात मीटरगेजच्या वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावी लागे. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे.

तिसरे माप बार्शीकडून आले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. अंतर फक्त अडीच फूट, पण विचार मोठा होता. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही हे एकच बंधन त्याने इंजिन, डबे आणि वाघिणी सर्वांना लावले. त्यामुळे रूळ हलके चालले आणि खर्च आवाक्यात राहिला. या गाडीने पंढरीचे वारकरी नेले आणि लातूरच्या बाजारपेठेला वाट दिली. १९२७ साली ती मिरजेला पोहोचली आणि १९५४ साली सरकारने विकत घेतली. १९७१ साली पुण्याकडून ब्रॉडगेज आले. बेळगावकडचा मार्ग मीटरगेजच राहिला, पंढरपूरकडचा नॅरोगेज. पुढची वीसेक वर्षे मिरजेला तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदले. पंढरपूरला जाताना मी त्या छोट्या गाडीत बसलो आहे. कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला असे करत ती निवांत जाई.

हे मॉडेलमध्ये उतरवायचे तर पहिली अडचण मापाचीच. छंदी लोकांत सर्वाधिक चालणारे एचओ माप १:८७ आहे. त्या हिशेबाने आपले ब्रॉडगेज १९.३ मिलिमीटर, मीटरगेज ११.५ आणि बार्शीचे नॅरोगेज ८.८ मिलिमीटर भरते. बाजारात तयार रूळ मिळतात ते १६.५, १२ आणि ९ मिलिमीटरचे. म्हणजे आपल्या दोन धाकट्या मापांना परदेशी रूळ जवळजवळ बरोबर बसतात, आणि देशभर पसरलेल्या मोठ्या मापाला बसत नाहीत, कारण १६.५ मिलिमीटर हे युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर गेजचे रूप आहे. मिरजेचे ब्रॉडगेज खरे दाखवायचे तर रूळ हातानेच ठोकावे लागतील. हा हिशेब करताना मला गेजचे राजकारण जितके कळले, तितके पुस्तके वाचून कळले नव्हते. कुणी एके काळी ठरवलेले माप पुढच्या दीडशे वर्षांच्या खेळण्यांवरही राज्य करते.

दुसरी अडचण मनाची. जुनी गाडी आठवली की आपण हळवे होतो आणि गेज बदलणाऱ्यांना दोष देऊन मोकळे होतो. मीही दिला आहे. पण एप्रिल २०१६ आठवावा. लातूर पाण्यावाचून तडफडत होते आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा टँकर-वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट बार्शी लाइटचीच, पण २०१०च्या सुमारास ती सगळी ब्रॉडगेज झाली होती. एका वाघिणीतले पाणीच पन्नास टन, ते चार आसांवर वाटले तरी आसाला साडेबारा टन पडतात, वाघिणीचे वजन वेगळे. कॅलथ्रॉपच्या रुळांना पाच टनांची मर्यादा होती. त्या रुळांवरून ही गाडी हललीच नसती.

म्हणून मिरजेचा देखावा झाला तर त्यात दोन्ही गोष्टी असाव्यात. तीन मापांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या, मधल्या फलाटावर पोती वाहणारे हमाल. आणि मग दिवे मंदावून पुन्हा लागतील तेव्हा त्याच वाटेने जाणारी टँकरची गाडी. पाहणाऱ्याला मग काय गेले तेही दिसेल आणि ते का गेले हेही. ज्यांनी मिरजेत सांधे बदलले, झेंडी दाखवली, वाघिणी भरल्या, अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणती लाइन कुठे होती, कोणता सिग्नल कशासाठी पडे, हे त्यांच्या बोटांना अजून ठाऊक आहे. इंजिने गंजली तरी लोखंड उरते. ही माहिती मात्र माणसाबरोबरच जाते.

नातवाने कोथरूडहून येताना विचारले होते, 'आजोबा, आपल्या आष्ट्याला स्टेशन का नाही?' त्याला मी स्टेशन चौकाची गोष्ट सांगितली. त्याने वहीत चौक काढला, त्यातून एक रूळ काढला आणि तो थेट आष्ट्यापर्यंत आणला. गेज कोणते, असे मी विचारले. तो म्हणाला, 'पाणी नेता येईल एवढे.'