टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड, खंड २

टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड, खंड २: द इम्प्लिमेन्टेशन हा गॅरी आर. राइट व डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी लिहिलेला इंग्रजी तांत्रिक ग्रंथ आहे. ॲडिसन-वेस्ली या संस्थेने तो १९९५ साली प्रकाशित केला. ४.४बीएसडी-लाइट या ऑपरेटिंग सिस्टिममधील नेटवर्किंगचा सी भाषेतील सुमारे १५,००० ओळींचा मूळ कोड त्यात स्पष्टीकरणासह छापलेला आहे.

पार्श्वभूमी

मालिकेचा पहिला खंड (१९९४) नेटवर्कवरून जाणाऱ्या पॅकेटांच्या निरीक्षणातून प्रोटोकॉलांचे वर्तन समजावतो. ते वर्तन ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत कसे घडते, हा दुसऱ्या खंडाचा विषय आहे. असा ग्रंथ छापता येणे कोडच्या परवान्यावर अवलंबून असते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवरील जॉन लायन्स यांचे १९७७ मधील भाष्य परवान्याच्या बंधनांमुळे दीर्घकाळ छायाप्रतींच्या रूपात फिरत राहिले. ते १९९६ मध्ये उघडपणे प्रसिद्ध झाले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९४ मध्ये प्रसृत केलेल्या ४.४बीएसडी-लाइटवर अशी बंधने नव्हती.

मांडणी

पॅकेटांतील माहिती साठवणाऱ्या ‘एमबफ’ या १२८ बाइटांच्या रचनेपासून विवेचन सुरू होते. पुढे नेटवर्क इंटरफेस, आयपी, सॉकेट, मार्गनिर्धारण, यूडीपी व टीसीपी यांचा विचार येतो. कोडच्या ओळींना क्रमांक असून भाष्य त्या क्रमांकांना जोडलेले आहे. लेखकांनी मूळ कोडमधील चुकाही दाखवल्या आहेत. आरएफसी ११२२ मधील नियमांचे पालन कोठे होते व कोठे होत नाही, याची नोंद परिशिष्टात आहे.

मर्यादा व महत्त्व

कोड सतत बदलतो, छापील पान मात्र बदलत नाही. या खंडाची सुधारित आवृत्ती निघालेली नाही. स्टीव्हन्स यांचे १९९९ मध्ये निधन झाले. आयपी आवृत्ती ६ सारखे नंतरचे विषय त्यात नाहीत. लिनक्सवरील ग्रंथांनाही हीच अडचण येते. क्रिश्चन बेनवेनुती यांच्या ‘अंडरस्टँडिंग लिनक्स नेटवर्क इंटर्नल्स’ (२००५) या ग्रंथात सविस्तर वर्णिलेला आयपी आवृत्ती ४ चा राउटिंग कॅशे २०१२ मधील लिनक्स ३.६ मध्ये काढून टाकण्यात आला. त्यामुळे असे ग्रंथ वाचताना ते कोडच्या कोणत्या आवृत्तीवर आधारित आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते.

तपशील जुने झाले तरी रचनेमागील कारणमीमांसा टिकून राहते. फ्रीबीएसडीमध्ये एमबफचा आकार आता २५६ बाइट आहे, परंतु साखळीने जोडलेल्या एमबफांची मूळ कल्पना तीच आहे.