मतदाराचा जाणण्याचा हक्क
उमेदवारावरील फौजदारी खटले, मालमत्ता व शिक्षण मतदारापुढे मांडण्याची सक्ती १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मुळात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी ही माहिती शपथपूर्वक मागविण्याचा आदेश निवडणूक आयोगास दिला. संसदेने त्याच वर्षी ३३-ब हे कलम घालून त्यास अटकाव केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम अवैध ठरविले. मतदानाचा हक्क कायद्याने दिलेला असला, तरी मत देणे ही अभिव्यक्ती होय आणि तिला राज्यघटनेच्या १९(१)(अ) या अनुच्छेदाचे संरक्षण आहे, हा या निर्णयाचा गाभा होय. तथापि शपथपत्र उमेदवाराचेच असते; निवडणूक अधिकारी ते प्रसिद्ध करतो, त्याच्या सत्यतेची ग्वाही देत नाही. सारांश, जाणण्याचा हक्क मिळाला. पारखण्याचा भार मात्र मतदाराच्याच शिरावर राहिला.