फुग्यातून पलायन, पूर्व जर्मनी (१९७९)

घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यात बसून दोन कुटुंबांनी पूर्व जर्मनीतून पश्चिम जर्मनी गाठल्याची घटना. १६ सप्टेंबर १९७९ च्या पहाटे थुरिंगियातील प्योसनेक गावचे पीटर श्ट्रेल्झिक व ग्युंटर वेत्सेल, दोघांच्या पत्नी आणि चार मुले अशी ८ माणसे २८ मिनिटांच्या उड्डाणानंतर बव्हेरियातील नायला गावाजवळ उतरली. सर्वांत धाकटे मूल २ वर्षांचे होते.

पार्श्वभूमी : कम्युनिस्ट राजवट १९४९ मध्ये प्रस्थापित झाल्यापासून पूर्व जर्मनीतून २५ लाखांहून अधिक लोक पश्चिमेकडे निघून गेले होते. ही गळती थांबवण्यासाठी ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. दोन जर्मनींमधल्या सुमारे १,४०० किमी. सीमेवर काटेरी कुंपणे, टेहळणी मनोरे, सुरुंग आणि तारेला धक्का लागताच गोळ्या झाडणारी यंत्रे बसवली गेली. परवानगीवाचून देश सोडणे हा गुन्हा होता. त्याची तयारी करणेसुद्धा. जमिनीवरचे सगळे रस्ते असे बुजले होते, म्हणून या दोघांनी वर पाहिले.

तयारी : श्ट्रेल्झिक इलेक्ट्रिशियन, पूर्वी हवाई दलात मेकॅनिक होते, वेत्सेल हाडाचे गवंडी. फुगा कसा करतात हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मार्च १९७८ मध्ये त्यांनी काम हाती घेतले. पहिला फुगा सुती कापडाचा होता. पायाने चालवायच्या जुन्या मशीनवर वेत्सेल यांनी दोन आठवडे शिवण घातली, पण विणीतून हवा झिरपत राहिली आणि फुगा भरलाच नाही. पुरावा मागे राहू नये म्हणून ते सगळे कापड घरच्या भट्टीत थोडेथोडे करून जाळावे लागले. मग निरनिराळी कापडे आणून, व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी भरलेली काचेची नळी एवढ्या साधनांवर कोणत्या कापडातून किती हवा जाते हे त्यांनी मोजले. छत्रीचे कापड उत्तम ठरले, पण फार महाग होते. निवड तॅफेट्याची झाली. लाइपझिगच्या दुकानात, शिडाच्या होड्या चालवणाऱ्या क्लबसाठी हवे आहे असे सांगून त्यांनी ते विकत घेतले.

ज्वाला पुरेशी मोठी होत नव्हती, ही दुसरी अडचण. प्रोपेनचा सिलिंडर उलटा धरल्यावर ज्योत एकदम वाढते हे श्ट्रेल्झिक यांच्या ध्यानात आले आणि बरेच महिने अडलेले काम मार्गी लागले. दरम्यान वेत्सेल कुटुंबाने माघार घेतली होती. ३ जुलै १९७९ रोजी श्ट्रेल्झिक कुटुंब एकटेच उडाले. ढगातल्या ओलाव्याने कापड जड झाले आणि फुगा सीमेच्या अलीकडे जेमतेम २०० मीटरांवर खाली आला. अंधारात ते चौघे पायी निसटले, पण फुगा आणि सामान तिथेच राहिले. ते सापडताच गुप्त पोलीस दल स्टासीने शोध सुरू केला व मागे राहिलेल्या वस्तूंची यादी जाहीर केली.

इथून पुढचे आठवडे या हकिगतीतले सर्वांत कठीण होत. वेत्सेल कुटुंब पुन्हा सामील झाले. एका दुकानातून तागा उचलणे आता धोक्याचे होते, म्हणून गावोगाव हिंडून, कुठे थोडे कुठे आणखी थोडे असे सुमारे १,२५० चौ.मी. कापड जमवले गेले. मिळेल त्या रंगाचे घेतल्यामुळे फुग्यावर नाना रंगांचे पट्टे आले. पाळण्याच्या जागी सुमारे १.४ मी. लांबीरुंदीचा लोखंडी पाट होता. कठडा म्हणून चार कोपऱ्यांतल्या खांबांना कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळली होती. आठ जण आणि गॅसचे सिलिंडर एवढ्याशा जागेत मावले.

उड्डाण : फुगा २,००० मीटरांच्याही वर गेला. थंडी शून्याखाली होती. खालून सर्चलाइट फिरू लागले, पण प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. गॅस संपला आणि फुगा झाडीत उतरला. वेत्सेल यांच्या पायाला दुखापत झाली. आपण कुठे आहोत हे कोणालाच कळेना. दोघे पुरुष पाहणी करायला निघाले. वाटेत दिसलेली शेतीची अवजारे त्यांच्याकडच्यासारखी नव्हती, एवढीच काय ती खूण. मग पोलिसांची गाडी भेटली. आपण पश्चिमेत आहोत का, असे त्यांनी विचारले आणि होकार मिळाला. सीमा सुमारे १० किमी. मागे पडली होती.

परिणाम : पूर्व जर्मनीने सीमेजवळचे लहान विमानतळ बंद केले, प्रोपेनच्या सिलिंडरांची नोंदणी सक्तीची केली आणि फुग्याजोगे कापड मोठ्या प्रमाणात विकण्यावर बंदी घातली. पळालेल्यांना पत्र पाठवण्याचीही मनाई झाली. श्ट्रेल्झिक यांचे भाऊ, बहीण व मेहुणे यांना पलायनास मदत केल्याच्या आरोपावरून अटक झाली. या पलायनाची खरी किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली, हे सांगायला पाहिजे. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रयत्नांनी पुढे त्यांची सुटका झाली.

या घटनेवर ‘नाइट क्रॉसिंग’ (१९८२) हा डिस्नेचा व ‘बलून’ (२०१८) हा मिखाएल हेर्बिग दिग्दर्शित जर्मन चित्रपट निघाला. मूळ फुगा रेगेन्सबुर्ग येथील बव्हेरियन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. दोन्ही कुटुंबे सुरुवातीला नायलातच स्थिरावली. स्टासीचा ससेमिरा इथेही सुटला नाही, म्हणून श्ट्रेल्झिक कुटुंब स्वित्झर्लंडला गेले. जर्मनीच्या एकीकरणानंतर ते प्योसनेकमधल्या आपल्या जुन्या घरी राहायला परतले. पीटर श्ट्रेल्झिक २०१७ मध्ये वारले. वेत्सेल बव्हेरियातच राहिले.