लोणी विकणारा देश आणि दृष्टी गमावणारी मुले (थ्रेड)

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्क हा तटस्थ देश होता. त्याच्या भूमीवर लढाई नव्हती, दुष्काळ नव्हता. युरोपातील उत्कृष्ट लोणी याच देशात तयार होत असे. तरीही याच वर्षांत कोपनहेगनच्या रुग्णालयात अशी बालके येत होती, ज्यांच्या डोळ्यांतील ओलावा सुकून बुबुळे धूसर झाली होती. काहींची बुबुळे मऊ पडून फुटत आणि दृष्टी कायमची जाई.

या विसंगतीचे मूळ युद्धात नाही, त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांत आहे.

१८७० नंतर अमेरिका आणि रशियातील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात ओतू लागले. डेन्मार्कच्या शेतकऱ्याला गहू पिकवणे परवडेनासे झाले. त्याने गायी आणि डुकरे वाढवली, आणि ब्रिटनच्या न्याहारीसाठी लोणी व बेकन पुरवण्याचा धंदा उभारला. १८८२ मध्ये येडिंग या गावी पहिली सहकारी डेअरी निघाली. पाहता पाहता ही चळवळ देशभर पसरली. महाराष्ट्रातील दूध संघ किंवा साखर कारखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या व्यवस्थेचे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

त्यात एका यंत्राने मोठा फरक पाडला. पूर्वी दूध पसरट भांड्यात रात्रभर ठेवून वर आलेली साय हाताने काढत. खाली उरलेल्या दुधात थोडा स्निग्धांश राहूनच जाई आणि तो घरातल्या मुलांच्या पोटात जाई. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी दूध वेगाने फिरवून साय वेगळी करणारे यंत्र आणले. या यंत्रातून निघालेल्या दुधात स्निग्धांश जवळजवळ शून्य उरे. डेअरीला एक थेंबही वाया गेल्याचे दुःख राहिले नाही. शेतकरी सकाळी सकस दूध डेअरीला घाली आणि परत येताना निःसत्त्व दूध घेऊन येई. ते डुकरांना जाई. गरीब घरांत मुलांनाही.

मग पोळीला, म्हणजे तिथे पावाला, लावायचे काय? त्याचे उत्तर फ्रान्समधून आले होते. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८६९ मध्ये, इप्पोलित मेज-मूरिए यांनी गोवंशाच्या चरबीपासून लोण्यासारखा पदार्थ बनवला: मार्गारीन. पुढे चरबीची जागा मोठ्या प्रमाणावर खोबरेल आणि इतर वनस्पती तेलांनी घेतली. दरडोई मार्गारीन खाण्यात डेन्मार्क जगात आघाडीवर गेला. स्वतःचे लोणी विकायचे आणि परक्या बेटांवरच्या खोबऱ्याचे लोणी खायचे, असा हा व्यवहार. ताळेबंदात तो चोख होता. चरबीच्या मार्गारीनमध्ये काही अंश तरी अशी द्रव्ये होती, जी वनस्पती तेलांत मुळीच नव्हती. पण ही द्रव्ये कोणती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले अमेरिकेत, उंदरांकडून. १९१३ मध्ये विस्कॉन्सिन येथे एल्मर मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांना असे आढळले की, डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल खाणाऱ्या उंदरांची वाढ काही काळाने थांबते. लोण्यातला किंवा अंड्याच्या बलकातला स्निग्ध अर्क दिला की पुन्हा सुरू होते. त्याच वर्षी ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनीही लोण्याबाबत हेच दाखवले. म्हणजे सगळे स्निग्ध पदार्थ सारखे नव्हते. त्यांतल्या काहींत दडलेल्या या द्रव्याला पुढे ‘अ’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल एडवर्ड ब्लॉक यांच्यासमोर उंदीर नव्हते, मुले होती. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत खेड्यांतील गरीब घरांची मुले मोठ्या संख्येने असत. आहाराची चौकशी केली की तेच उत्तर येई: साय काढलेले दूध, पेज, मार्गारीन. एका बालसंगोपनगृहात तर जणू प्रयोगच घडून गेला होता. एकाच छताखाली मुलांचे दोन विभाग, आहार मात्र वेगळा. ज्या विभागात सकस दूध नव्हते, तेथील १६ मुलांपैकी ८ जणांचे डोळे सुकू लागले. दुसरा विभाग सुरक्षित राहिला. ब्लॉक यांनी कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले आणि डोळे सुधारले. जपानमध्ये मासामिची मोरी यांनी १९०४ मध्येच असे रुग्ण याच तेलाने बरे केले होते.

ब्लॉक यांची नजर डोळ्यांवरच थांबली नाही, हे त्यांचे मोठेपण. ही मुले वाढत नसत, त्यांना वारंवार संसर्ग होत, अनेक जण न्यूमोनियाने दगावत. डोळा हा केवळ दिसणारा भाग होता.

त्यानंतर जे घडले त्याची योजना कोणत्याही वैद्याने केली नव्हती. १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुडीयुद्ध निर्बंध न पाळता सुरू केले आणि अमेरिकाही युद्धात उतरली. डेन्मार्ककडे येणारे खोबरे, तेलबिया आणि पेंड बंद झाली. तेलाअभावी मार्गारीन बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले, पेंडीअभावी गायींचे दूध आटले. तेव्हा सरकारने डिसेंबर १९१७ मध्ये लोण्याचे रेशनिंग केले: नियंत्रित दराने, माणशी आठवड्याला २५० ग्रॅम.

जे लोणी मजुराच्या घरात वर्षानुवर्षे शिरले नव्हते, ते टंचाईने आणून दिले. १९१८ मध्ये हा नेत्ररोग डेन्मार्कमधून जवळपास दिसेनासा झाला. १९१९ मध्ये रेशनिंग उठले, लोणी पुन्हा जहाजावर चढले, आणि रुग्ण पुन्हा येऊ लागले.

येथे एक आडवळण आवश्यक आहे. याच टंचाईत सरकारचे आहारसल्लागार मिक्केल हिंडहेडे यांनी डुकरांचे धान्य माणसांकडे वळवले आणि जनतेला कोंड्याचा पाव, बटाटे व भाज्या खाऊ घातल्या. मृत्युदर घटल्याचा दावा त्यांनी अभिमानाने मांडला. भाजीपाला भरपूर असेल तर स्निग्ध पदार्थांवाचून चालते, असे ते म्हणत. ब्लॉक यांच्या रुग्णांपुढे हे मत क्रूर वाटते. तरी ते निखालस चूक नव्हते. १९३० मध्ये थॉमस मूर यांनी सिद्ध केले की गाजर व पालेभाज्यांतील कॅरोटीनचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनते. मात्र ते शोषून घ्यायला थोडे स्निग्ध लागतेच, आणि डेन्मार्कच्या हिवाळ्यात दोन वर्षांच्या मुलाच्या ताटात पालेभाजी असेल कुठून?

पुढे मार्गारीनमध्येच ‘अ’ जीवनसत्त्व मिसळण्याचा मार्ग युरोपने स्वीकारला. भारतातही वनस्पती तुपात, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘डालड्यात’, ते घालणे सक्तीचे झाले. हे तूप मुंबईतील शिवडीच्या कारखान्यातून १९३० च्या दशकात बाजारात आले, तेव्हा त्याची तुलनाही साजूक तुपाशीच होत असे.

डोळे वाचवणे आणि जीव वाचवणे यांतला दुवा सिद्ध व्हायला मात्र १९८६ उजाडले. इंडोनेशियातील आचे प्रांतात अल्फ्रेड सॉमर आणि सहकाऱ्यांनी मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले, तेव्हा बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. भारताने हे डोस १९७० पासून अंधत्व टाळण्यासाठी सुरू केलेच होते. बाळाच्या नवव्या महिन्यात, गोवराच्या लशीबरोबर, पहिला डोस तोंडावाटे पाजला जातो: १ लाख युनिट, पिवळसर, तेलकट द्रवातून.