फिजीच्या १९ मुली आणि इन्स्टाग्रामची एक स्लाइड

‘टीव्ही आला आणि तीन वर्षांत फिजीच्या मुली उपाशी राहायला लागल्या’ असं सांगणारं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. सोशल मीडिया आणि शरीराबद्दलचा न्यूनगंड यावर प्रोजेक्ट करायला घ्या, हा किस्सा हमखास समोर येतो. किस्सा खोटा नाही. पण तो कुठून आला हे शोधत मागे मागे गेलं, की खरी गंमत कळते.

फिजी म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही पोचला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. फिजीत त्यांचं काम आधीपासूनच चालू होतं. तिथे धष्टपुष्ट शरीर चांगलं मानायची परंपरा. कुणी वाळलं, तर त्या माणसाकडे घरचे नीट लक्ष देत नाहीत असा अर्थ निघायचा. (आपली आजी नाही का म्हणत, ‘किती वाळलीस गं, जेवत नाहीस का?’ तसंच काहीसं.)

टीव्ही येऊन जेमतेम काही आठवडे झाले असताना बेकर यांच्या टीमने शाळकरी मुलींना एक प्रश्नावली दिली. १९९८ मध्ये पुन्हा दिली. खाण्याच्या सवयी बिघडल्याची शंका यावी इतका स्कोअर पहिल्या वेळी १२.७ टक्के मुलींचा होता, दुसऱ्या वेळी २९.२ टक्के. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के होत्या.

आता जरा थांबा. टक्के कशाचे? पहिल्या वेळी मुली होत्या ६३, दुसऱ्या वेळी ६५. कॅल्क्युलेटर काढा: ८ मुली आणि १९ मुली. शिवाय त्या त्याच मुली नव्हत्या. तीन वर्षांनी वेगळ्या मुलींना विचारलं. टीव्ही न पोचलेलं एखादं गाव तुलनेला घेतलेलं नव्हतं. फिजीत गिरमिटिया म्हणून गेलेल्या भारतीयांचे वंशज मोठ्या संख्येने राहतात, त्यांच्या मुली या अभ्यासात नाहीत. आणि प्रश्नावलीतला जास्त स्कोअर म्हणजे आजाराचं निदान नव्हे, ती फक्त चाळणी.

मग सगळं टाकून द्यायचं? अजिबात नाही. बेकर यांनी मुलींच्या मुलाखतीही घेतल्या. त्यात मुलींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की टीव्हीवरच्या बायकांसारखं दिसावंसं वाटतं. बारीक असलं तर नोकरी मिळेल, असंही काहींना वाटत होतं. मला तर टक्क्यांपेक्षा हा पुरावा जास्त दमदार वाटतो.

तारखाही बघा. वर्तमानपत्रांत ही बातमी मे १९९९ मध्ये गाजली. संपूर्ण शोधनिबंध छापून आला २००२ मध्ये. म्हणजे मधली तीन वर्षं जग बातमीवरच बोलत होतं, आणि रीलवाले तर अजूनही तिच्यावरच आहेत.

२०११ मध्ये बेकर यांचा आणखी एक निबंध आला, यावेळी ५२३ मुलींवर. त्याच्या शीर्षकात ‘सोशल नेटवर्क’ हे शब्द आहेत. नुसतं शीर्षक वाचणाऱ्याला वाटेल, हे फेसबुकवर असणार. पण तिथे सोशल नेटवर्क म्हणजे मैत्रिणींचा गोतावळा! मैत्रिणी किती टीव्ही बघतात याचाही संबंध मुलीच्या खाण्याच्या तक्रारींशी दिसला, असा तो निष्कर्ष.

आता येऊ इन्स्टाग्रामकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकची आतली कागदपत्रं छापली. ती फोडणाऱ्या फ्रान्सेस हॉगन तेव्हापर्यंत पडद्याआड होत्या. त्यातला ३२ टक्क्यांचा आकडा जगभर फिरला. फिरता फिरता त्याचं रूप झालं, ‘इन्स्टाग्राममुळे तीनातल्या एका मुलीला स्वतःचं शरीर आवडेनासं होतं.’ मूळ स्लाइडवरचं वाक्य मात्र असं, की ज्या मुलींना आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या ३२ टक्के मुली म्हणाल्या, इन्स्टाग्रामने त्यात भर पडते. छेदच बदलला ना!

हा मुद्दा कंपनीनेच मांडला. सप्टेंबर संपता संपता तिने त्या स्लाइड्स स्वतः प्रसिद्ध केल्या आणि आपल्याच संशोधकांच्या कामावर शेरे मारले: इथे शीर्षक चुकलंय, तिथे नमुना लहान आहे. गणित म्हणून शेरा बरोबर आहे. पण तो मारतंय कोण, हेही बघावंच लागतं. बातमी येईपर्यंत ते शीर्षक कंपनीत बिनशेऱ्याचं फिरत होतंच की. बेकर यांचे ८ आणि १९ आपण घरी बसून मोजू शकलो, कारण आकडे निबंधात आहेत. इन्स्टाग्रामच्या बाबतीत बाहेर आल्या त्या स्लाइड्स आणि त्यांच्यावरचे शेरे. मुलींनी दिलेली मूळ उत्तरं कंपनीकडेच राहिली.